चिलटाच्या बायकोची तब्येत

"बाई, ह्या मेल्यांना दुसरा उद्योग नाही का हो?"

सुमतीवैनी गडग्याच्या पलीकडे उभ्या होत्या. साठं घालायचे दिवस. रायवळ आंब्यांच्या साली-कोयींची पाटी त्यांनी माडाच्या आळ्यात नुकतीच उपडी केली होती आणि त्या ढिगावर चिलटं जमली होती.

"कोणाला उद्योग नाही?"

"ह्या चिलटांना. जरा वाकून बघा. तो एक तिच्या मागे मागे. एकच पंख बाजूला काढून थरथरवतोय. ती सरकली की हा सरकतो."

वैनींची नजर अजून तेज आहे. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव, पण त्याचा पंख त्यांच्या नजरेतून सुटला नाही. मी म्हटलं, "तो गातोय तिच्यासाठी. आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. गाणं पसंत पडलं तर पाव तास, फार तर वीस मिनिटं दोघं एकत्र. मग तो आपल्या वाटेने मोकळा."

"आणि ती?"

"तिची तब्येत उतरते."

झालं. रिकामी पाटी गडग्यावर टेकली, पदर खोचला गेला. कोणा बाईची तब्येत उतरली म्हटल्यावर पुढचं ऐकल्याशिवाय वैनींचा पाय निघत नाही, मग ती बाई चिलटाची का असेना.

"उतरते म्हणजे? होतं काय तिला?"

"लग्नाआधी जो जंतू तिने सहज परतवला असता, तोच लग्नानंतर तिला घेऊन जातो."

"अगो बाई! कोणी सांगितलं?"

सांगितलं ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी. न्यूयॉर्क राज्यात इथाका म्हणून गाव आहे, तिथे ब्रायन लाझारो आणि मारियाना वुल्फ्नर ह्या दोघांनी आपापल्या विद्यार्थ्यांना घेऊन ह्या चिलटांच्या संसारात वर्षानुवर्षं नाक खुपसलं आहे. प्रयोगशाळेत चिलटाला ड्रोसोफिला म्हणतात. (आंब्यात अळ्या करणारी फळमाशी ती वेगळी. तिचा राग ह्यांच्यावर काढू नये.) प्रयोग ऐकायला सोपा. एकाच वयाच्या, एकाच अन्नावर वाढलेल्या माद्या घ्यायच्या. निम्म्या कुमारिका, निम्म्यांचं लग्न झालेलं. कार्बन डायऑक्साइड सोडून त्यांना गुंगवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचं आणि जंतूंच्या पाण्यात बुडवलेली बारीक सुई छातीच्या बाजूला हलकेच टोचायची. जंतूचं नाव प्रॉव्हिडेन्सिया रेटगेरी. तो काही मुद्दाम शोधून आणलेला परका नव्हे, बाहेर पकडलेल्या चिलटांच्याच रक्तात सापडलेला आहे. मग पुढचे काही दिवस रोज बाटलीत बघायचं, कोण उठली आणि कोण उताणी पडली. लग्न झालेल्या जास्त मरतात. त्यांच्या अंगात जंतूही जास्त सापडतात.

"थांबा," वैनी म्हणाल्या. "किड्यांना कुठली आली प्रतिकारशक्ती?"

बऱ्याच जणांना असंच वाटतं. आपल्यासारखी अँटिबॉडी त्यांच्याकडे नाही, हे खरं. पण रक्तात पेशी आहेत, त्या जंतूंना गिळतात. अंगात काही घुसलं तर त्याच्याभोवती काळी खपली धरते. आणि जंतू मारणारी छोटी छोटी प्रथिनं तयार होतात, ती रक्तात सुटतात. 1996 साली फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला एक चिलट दाखवलं गेलं, त्याच्यातलं टोल नावाचं एक जनुक बिघडलेलं होतं. बुरशीने ते पार माखून गेलं होतं. तो फोटो जगभर फिरला. त्या कामाबद्दल ज्यूल्स हॉफमन ह्यांना 2011 सालच्या नोबेलचा वाटा मिळाला. तेव्हा चिलटाच्या प्रतिकारशक्तीला नावं ठेवायची सोय नाही.

"बरं, आहे तर आहे. पण लग्न झाल्यावर तब्येत उतरणारच हो. अंडी काय थोडी घालत असेल ती?"

"खायला चांगलं मिळालं तर दिवसाला पन्नास-साठ."

वैनींनी कपाळाला हात लावला. "मग आणखी काय सांगायचं! दमते बिचारी."

दमते, हे अगदी सरळ उत्तर. त्याला आधारही आहे. किड्याच्या पोटात चरबीचा एक पसरट अवयव असतो. अंड्यातला बलक ज्या प्रथिनांचा होतो, ती बरीचशी इथेच तयार होतात. आणि मघाशी म्हटलेली जंतू मारणारी प्रथिनं, तीही मुख्यतः इथेच. चूल एक आणि पातेली दोन.

"मग झालं की! बलकाचं पातेलं चढवलं, काढा मागे राहिला. ह्यात शास्त्र कसलं, हे कोणीही बाई सांगेल."

शास्त्रज्ञही बराच काळ हेच सांगत होते. मिळकत ठरलेली, एका खात्यात जास्त घातलं की दुसऱ्यात कमी. जपानात एका चतुराच्या माद्यांवर 1998 साली हेच दिसलं होतं: मीलन आणि अंडी घालणं उरकलेल्या मादीची काळी खपली धरायची ताकद कमी. पिठातल्या किड्यांच्या गोतातला एक मोठा भुंगेरा आहे, त्याच्यात 2002 साली दिसलं की एकदा जोडीदाराशी जमलं की नर-मादी दोघांच्याही रक्तातलं खपली धरवणारं द्रव्य उतरतं. हिशेब जुळत होता.

पण मग कॉर्नेलवाल्यांनी एक खोडी काढली. नराच्या वीर्याबरोबर मादीच्या अंगात पुष्कळ काही जातं, नुसते शुक्राणू नव्हे. त्यात एक अगदी छोटं प्रथिन आहे, 36 अमिनो आम्लांच्या साखळीचं, त्याला सेक्स पेप्टाइड म्हणतात. मादी अंडी भराभर घालायला लागते ती त्याच्यामुळे, आणि दुसरा कोणी नर जवळ आला की त्याला लाथाडते तीही त्याच्यामुळेच. ते शुक्राणूंच्या शेपटीला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटत जातं. म्हणजे वीस मिनिटांचा संसार करून नर केव्हाच निघून गेला, पण त्याचं बोलणं आठवडाभर हिच्या पोटात चालूच.

"कान भरून गेला म्हणा."

"तसंच म्हणा. आता त्यांनी काय केलं, हे प्रथिनच नसलेले नर तयार केले. ह्या नरांशी लग्न झालेल्या माद्यांना सुई टोचली, तर त्यांची तब्येत कुमारिकांइतकीच ठणठणीत."

वैनी गडग्यावर जरा पुढे झुकल्या. "म्हणजे बाईचं काही नाही. सगळी करणी त्याची."

"घाई नको. आणखी एक ऐका. अंडाशयात अंड्यांचं बीजच नाही अशाही माद्या त्यांनी तयार केल्या. त्यांचं लग्न अगदी खऱ्याखुऱ्या, सगळं देऊन जाणाऱ्या नराशी लावलं. तरी त्यांची प्रतिकारशक्ती उतरली नाही."

"मग चुलीचंही खरंच."

चुलीचंही खरं, पण अर्धं. मला ह्या सगळ्या प्रकरणात रस आहे तो पुढच्या भागात. मेंदूच्या जरा मागे एक चिमुकली ग्रंथी असते, तिच्यातून जुव्हेनाइल हार्मोन नावाचं संप्रेरक सुटतं. अळीच्या वयात ते अळीला अळी ठेवतं, मोठी होऊ देत नाही. वयात आलेल्या मादीत तेच संप्रेरक अंड्यात बलक भरायच्या कामाला लागतं. नराचं प्रथिन पोचलं की ह्या ग्रंथीचं काम वाढतं. 2017 साली लाझारो ह्यांच्या प्रयोगशाळेने ह्या संप्रेरकावरच बोट ठेवलं. कुमारिकेला, नराचं तोंडही न बघितलेल्या मादीला, त्या संप्रेरकाची नक्कल करणारं औषध दिलं. मेथोप्रीन म्हणतात त्याला, डासांच्या अळ्या मारायला वापरतात तेच. तिची प्रतिकारशक्ती उतरली. उलट ज्यांची ती ग्रंथीच काढून टाकली होती, किंवा संप्रेरकाचा निरोप घेणारं दारच बंद केलं होतं, त्या लग्न होऊनही उतरल्या नाहीत.

आता नीट बघा. कोठार रिकामं झालं म्हणून काढा राहिला, असं असतं तर संप्रेरकाचा थेंब देऊन कुमारिकेचं काही बिघडायला नको होतं, आणि दार बंद करून लग्न झालेलीचं काही वाचायला नको होतं. इथे हुकूम येतो आणि काढ्याचं पातेलं खाली उतरवलं जातं. टंचाई होईपर्यंत कोणी थांबत नाही. माझ्या मते ह्या सगळ्या संशोधनातली गोम ती हीच. गरिबीपेक्षा हे धोरण जास्त आहे.

"धोरण म्हणे," वैनींनी नाक मुरडलं. "कोणाचं धोरण? त्याचं की तिचं?"

ह्यावरून शास्त्रज्ञांतही भांडणं आहेत. एक बाजू म्हणते, नराला एवढंच हवं की आज, आत्ता, आपल्या शुक्राणूंची अंडी भरपूर पडावीत. ती पुढच्या आठवड्यात कशाने मेली तर त्याचं काय गेलं? तेव्हा त्याने तिला अंड्यांकडे ढकललं आणि तिच्या तब्येतीचं मोल दिलं. दुसरी बाजू म्हणते, अंडी तिचीही आहेतच. पिकलेलं फळ आज आहे, उद्या नाही. रानात तिला दिवस मिळतात थोडे, कधी कोळ्याच्या जाळ्यात जाईल भरवसा नाही. पुढेमागे होईल न होईल अशा दुखण्यासाठी काढा उकळत बसण्यापेक्षा हातात असलेली अंडी उरकलेली बरी. सगळा दोष नराच्या माथी मारणं मला पटत नाही. वैनींना ते पूर्ण पटलं आहे, आणि माझ्या युक्तिवादाने त्यांच्या मतात काडीचा फरक पडलेला नाही.

"आणि त्याचं काय? तो मोकळाच राहिला ना?"

"नाही राहिला. कॅलिफोर्नियात दोघांनी 2001 साली तेही तपासलं. एका नराबरोबर जितक्या जास्त कुमारिका ठेवल्या, तितकी त्याच्या अंगातले जंतू साफ करायची ताकद कमी झाली. गाणं म्हणून म्हणून आणि मागे धावून धावून."

"बरं झालं!" वैनी मनापासून म्हणाल्या.

एक मात्र सांगून ठेवते, नाहीतर वैनी उद्या विहिरीवर भलतंच पसरवतील. पोटभर खायला असलं की ह्यातलं पुष्कळसं दिसेनासं होतं. 2008 साली कॉर्नेलमधूनच एक अभ्यास निघाला. दुखण्याला पुरून उरणाऱ्या घराण्यातल्या माद्या अंडी कमी घालतात का, हे त्यात बघितलं होतं. अन्न बेताचं दिलं तेव्हा घालतात असं दिसलं. अन्न भरपूर दिलं तेव्हा फरक सापडला नाही. तेव्हा चूल लहान असली तरी लाकूडफाटा भरपूर असला की दोन्ही पातेली कशीबशी निभावतात.

इथपर्यंत बोलणं आल्यावर वैनींनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ढेकणांचंही असंच असतं का हो?"

का विचारलं ते मला कळलं. आळीत एका घरी मुंबईहून पाहुणे येऊन गेले आणि त्यानंतर त्या घरच्या गाद्या रोज उन्हात. नाव वैनी घेणार नाहीत, मीही घेत नाही.

"ढेकणांचं ऐकवेल का तुम्हाला? फार वाईट आहे."

"आता अर्ध्यावर सोडलंत तर जेवण जाणार नाही मला."

तर ढेकणीला अंडी घालायची वाट आहे, पण नर ती वाट वापरतच नाही. त्याच्याकडे सुईसारखा टोकदार अवयव असतो, तो सरळ तिच्या पोटात खुपसतो. भिंगाखाली ढेकणी उताणी करून बघितली तर पोटाच्या उजव्या अंगाला एक खाच दिसते, तिथेच. प्रत्येक वेळी जखम, आणि गादीच्या फटीतली घाण त्या टोकावर लागलेली, ती जखमेतून आत. पोटभर रक्त प्यायल्यावर ती फुगते, तेव्हा अंग आकसून नराला टाळणं तिला जमत नाही. त्यामुळे नर नेमकी तीच वेळ साधतात, आणि एका जेवणावर चार-पाच वेळा तरी हे होतं. तेवढ्याची तिला गरज नसते. त्याच्या कितीतरी कमीत अंडी फळतात.

"मेले!" वैनींचा एकच शब्द.

पण ढेकणीने ह्याच्यावर उपाय काढला आहे. त्या खाचेच्या खाली तिच्या पोटात एक खास अवयव तयार झाला आहे, रक्तपेशींनी ठासून भरलेला. सुई जिथे घुसणार तिथेच पहारा. इंग्लंडमध्ये शेफिल्ड विद्यापीठात मायकेल सिवा-जोथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली घाणेरडी सुई ह्या अवयवात टोचून बघितली आणि पोटात दुसरीकडे टोचून बघितली. अवयवात टोचलेल्या माद्यांचं त्या मानाने थोडक्यात निभावलं.

आणि ह्याच्यावर कडी म्हणजे 2019 सालचं काम. ढेकणींना ठरलेल्या वेळी, नेमाने रक्त पाजलं. काही दिवसांनी जेवणाची वेळ व्हायच्या आधीच त्यांच्या अंगात जंतू फोडणारं लायसोझाइम नावाचं द्रव्य वाढायला लागलं. जेवण आलं की मागोमाग नर येणार, नर आला की जखम होणार, जखम झाली की जंतू शिरणार. एवढी सगळी साखळी त्या किड्याच्या अंगाला ठाऊक. ज्यांना रक्त अवेळी, कधीही दिलं, त्यांना ही तयारी करता आली नाही. तयारीतल्या माद्या जास्त जगल्या आणि अंडीही त्यांनी जास्त घातली.

"म्हणजे चिलटाची बाई वेडी आणि ढेकणी शहाणी?"

वेडी-शहाणीचा प्रश्न नाही. चिलटाच्या मादीला सुई टोचतो प्रयोगशाळेतला माणूस. रानात जंतू कधी आत शिरेल हे तिला कळायला मार्ग नाही. ढेकणीला घाव कधी बसणार ते घड्याळ लावून ठाऊक आहे. जिथे संसारच जखम करतो तिथे संसाराआधी ढाल पुढे करणं फायद्याचं. म्हणून 'लग्न झालं की प्रतिकारशक्ती उतरते' असा सरसकट नियम कोणी सांगितला तर मी तरी मान डोलावणार नाही.

मोडते कुठे कुठे ही समजूत, तेही सांगते. टेक्ससच्या एका रातकिड्याच्या माद्या नराशी जमल्यावर जंतूंपुढे कुमारिकांपेक्षा जास्त तगल्या. कॅनडात शेली अ‍ॅडॅमो ह्यांनी रातकिड्यांवर पुष्कळ काम केलं आहे, त्या गटातलं हे. आपल्या मोहालीच्या आयसरमध्ये 2013 साली चिलटांवरच काम झालं, आणि तिथे एका जंतूविरुद्ध उलटंच दिसलं: मादीबरोबर राहिलेले नर ब्रह्मचाऱ्यांपेक्षा जास्त वाचले. जंतू बदलला, घराणं बदललं की उत्तर बदलतं. कॅलिफोर्नियात जे दिसलं ते मोहालीत दिसेलच असं नाही.

अ‍ॅडॅमोबाईंचीच आणखी एक गोष्ट वैनींना फार लागली. घरात सापडतो त्या रातकिड्याच्या माद्यांना त्यांनी रोगाचे जंतू टोचले. आजारी बाईने अंडी कमी घालावीत, अंग राखावं, नाही का? ह्या माद्यांनी जास्त घातली. मरणाची चाहूल लागली तर आता काढ्याला काय करायचंय, आहे ते सगळं अंड्यांत घाला, असा तिचा हिशेब. म्हणजे पातेलं उतरवायचा हुकूम नवऱ्याकडूनच येतो असं नाही, दुखण्याकडूनही येतो.

वैनी क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणूनच हो, आमच्या धाकट्या सुनेला बाळंतपणानंतर सारखी सर्दी..."

"वैनी, सुनेला ह्यात ओढू नका. माणसाच्या पोटात ती चूलही नाही आणि ते संप्रेरकही नाही. गरोदर बाईच्या प्रतिकारशक्तीचं प्रकरण अगदी निराळं आहे. तिची सर्दी रात्री बाळ झोपू देत नाही त्याची. लेकाला सांगा, दोन रात्री त्याने उठावं."

हे त्यांना फारसं रुचलं नाही. मी विषय राण्यांकडे वळवला.

पनामात पानं कापून नेणाऱ्या मुंग्या असतात. त्यांची राणी आयुष्यात एकाच दिवशी नरांना भेटते. त्या दिवशी घेतलेले शुक्राणू पोटातल्या पिशवीत जिवंत सांभाळते आणि दहा-दहा वर्षं त्यांच्यावर वारूळ चालवते. 2006 साली तिच्या अंगात नायलॉनचा बारीक तुकडा घालून बघितलं, त्याच्याभोवती काळी खपली किती धरते ते. जिच्या पिशवीत शुक्राणू जास्त, तिची खपली कमी. नुसतं सांभाळण्याचंही मोल पडतं.

मधमाश्यांची राणी मात्र ह्या सगळ्यांना वाकुल्या दाखवते. हंगामात दिवसाला हजार-दीड हजार अंडी, आणि कामकरी माश्या काही आठवड्यांत संपत असताना ही दोन-तीन वर्षं टिकते. तिच्या दिमतीला अख्खं पोळं, खायला उत्तम, बाहेर जायला नको. शिवाय तिच्या बलकाचं प्रथिन दुहेरी कामाचं निघालं. ते जंतूंचे तुकडे पकडतं आणि अंड्यांत पोचवतं, हे 2015 साली कळलं. पिल्लू जन्मायच्या आधीच त्याला शत्रूची ओळख. त्याच वाटेने जाणारी मधमाश्यांची लसही निघाली. राणीला खाण्यातून द्यायची, अंड्यांना आपोआप पोचते. अमेरिकेच्या कृषी खात्याने तिला जानेवारी 2023 मध्ये सशर्त परवानगी दिली.

"माश्यांना लस! काय काय ऐकावं." वैनींनी दंडावर बसलेला डास थापटीने मारला आणि तळहातावरचं रक्त बघून म्हणाल्या, "हिला द्या म्हणावं एखादी."

हिचंही घर ह्याच आळीत आहे. चावते ती मादीच, आणि चावते ती अंड्यांसाठी. रक्त पोटात गेलं की तिची चूल पेटते आणि बलकाची प्रथिनं भराभर व्हायला लागतात. त्याच रक्तातून हिवतापाचा परोपजीवी तिच्या पोटात शिरलेला असला, तर त्याला पकडून मारणारं एक प्रथिन तिच्या रक्तात असतं. आफ्रिकेतल्या अ‍ॅनोफिलीस गॅम्बिई डासात 2010 साली दिसलं की बलकाची प्रथिनं बंद पाडली तर हे मारेकरी प्रथिन परोपजीवीवर जास्त बसतं आणि परोपजीवी जास्त मरतात. प्रयोग उंदरांच्या हिवतापावर केलेला होता. पण अर्थ सरळ आहे. अंड्यांची घाई चालू असताना तिचा पहारा ढिला पडतो, आणि परोपजीवीला हवं असतं ते तेवढंच.

उलट बाजूनेही फटका बसतोच. आपल्याकडच्या अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी डासाच्या मादीला हिवतापाची लागण झाली की तिच्या अंडाशयातली काही अंडी पिकायच्या आधीच मरतात. इंग्लंडमध्ये कील विद्यापीठातल्या हिलरी हर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली हे दाखवलं. तिनेच अंडी सोडून जीव वाचवायचं ठरवलं, की परोपजीवीने आपली बरदास्त नीट राहावी म्हणून तिची अंडी मारली, ह्यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं.

"म्हणजे हिच्या संसारापायी ताप आम्हाला," वैनी म्हणाल्या.

ताप हाच. डासाच्या पोटात हिवतापाचं बिऱ्हाड असतं हे रोनाल्ड रॉस ह्यांना ऑगस्ट 1897 मध्ये सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. ते बिऱ्हाड तिथे कसं टिकतं, ह्याचा तपास अजून चालू आहे. तिच्या बलकावर किंवा संप्रेरकावर औषध निघेल तेव्हा निघेल. तोवर तिची अंडी पडू न देणं एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून वैनी, जाता जाता एक सांगते, राग मानू नका. ह्या स्टिफेन्सीला गटार लागत नाही. तिला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं: हौद, पिंप, गच्चीवरची टाकी. तुमच्या टाकीचं झाकण मागच्या वादळात उडालं ते अजून बसलेलं नाही, माझ्या माडीवरून रोज दिसतं. आपल्या हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पाऊस तोंडावर आला आहे. नवं झाकण येईल तेव्हा येईल, पण आज संध्याकाळच्या आत टाकीच्या तोंडाला जुनं लुगडं दुपदरी करून घट्ट बांधून घ्या.